अर्धी बाटली ढग

जामनेरला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला गाव विचारलं नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मटण खाता का हेसुद्धा विचारलं नाही. दारातच उभं करून त्यांनी विचारलं, "पापड लाटता का?"

मी म्हटलं, "नाही."

"बिबड्या? कुरडया?"

"येतच नाहीत. आई धुळ्याहून तयार पाठवते."

"मग खोली तुमची," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "पोरीले पापड येत नाही, अन् यायले त्याचं कौतुक!" मी शाळेत गणित शिकवते. कुठल्याही गोष्टीमागचं कारण कळलं नाही तर मला रात्री जेवण जात नाही. पण बदलीच्या गावी पंधरा दिवस मैत्रिणीच्या घरी काढले होते, तेव्हा कारण नंतर विचारू म्हणून सामान आणून टाकलं.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर दिसलं. आमच्या खानदेशात उन्हाळ्यात गच्च्या माणसांच्या नसतात, पापडांच्या असतात. त्या गल्लीत एकच गच्ची रिकामी होती, आमची. तिच्यावर मधोमध एक स्टूल, स्टुलावर पांढरा वाडगा आणि वाडग्यावर जाळी. पावसाचं, दवाचं, जे काही वरून पडेल ते त्या वाडग्यात जमा करून घरमालक, म्हणजे सर, त्याचा आंबटपणा मोजायचे. आणि पापडात असतो पापडखार. तो आंबटाला मारतो. "एक चिमूट पापडखार उडून वाडग्यात पडला की आकाश खोटं बोलायला लागतं," ते म्हणाले. म्हणून त्या घरात पापडबंदी होती. घरमालकीणबाई, म्हणजे काकू, आपल्या ज्वारीच्या बिबड्या शेजारणीच्या गच्चीवर वाळवायच्या आणि शेजारीण त्यातल्या पाच-पंचवीस गच्चीचं भाडं म्हणून ठेवून घ्यायची.

सर भुसावळच्या एका कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गल्ली त्यांना 'ढगवाले सर' म्हणायची, तोंडावरसुद्धा. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. उंच, वाकलेले, गुडघ्यांनी पार कामातून गेलेले. खिशात चष्म्याचं घर, पण त्यात चष्मा नाही. त्यात कागदाच्या पिवळट पट्ट्या. पट्टी पाण्यात बुडवली की रंग बदलते आणि रंगावरून सामू कळतो. सामू म्हणजे आंबटपणाचा आकडा. सात म्हणजे ना आम्ल ना अल्क. त्याच्या खाली जाल तसं आंबट, आणि एक घर खाली उतरलं की दहापट. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तकातल्या माणसांनी ती पट्टी लग्नाच्या पंगतीत वरणात बुडवलेली मी पाहिली नव्हती. सरांनी बुडवली. वाढपी म्हणाला, "सर, काही पडलंय का?" सर म्हणाले, "नाही, पाच आहे. चालू द्या."

त्यांच्यापुढे चहा आला की आधी पट्टी, मग घोट. ताक आलं की ते हमखास खूश व्हायचे. "साडेचार!" पट्टी उजेडात धरून ते मला दाखवायचे. "हे बघा. माझ्या बेटावरचा ढग अगदी एवढाच आंबट होता."

काकू म्हणायच्या, "मंग तिकडे मठ्ठ्याचा पाऊस पडे का?"

तर ते बेट. तरुणपणी सरांना कसलीशी शिष्यवृत्ती मिळाली आणि ते महासागरातल्या एका बेटावर दोन वर्षं राहून आले. जामनेरचा माणूस, तेही त्या काळात! गल्लीतल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्यांना विचारलं होतं की बेट कसं असतं. आणि प्रत्येकाची निराशा झाली होती. कारण सरांना समुद्र आठवतच नव्हता.

"समुद्र दिसायचा नाही हो," ते मला म्हणाले. "बेटाच्या मधोमध डोंगर. डोंगरावर आमची खोली. रोज दहा वाजता ढग येऊन खोलीवर बसायचा तो संध्याकाळपर्यंत. दोन वर्षांत मी समुद्र नीट पाहिला तो मोजून अकरा दिवस. बाकी सगळे दिवस ढगात काढले."

"मग करमायचं कसं?"

"ढगात होतो ना!" त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता.

मी त्यांना एकदा आमच्या शाळेत बोलवलं. विज्ञान दिन होता. मुख्याध्यापकांना वाटलं, सर परदेशाची वर्णनं सांगतील. सरांनी फळ्यावर एक लाट काढली आणि तिच्यावर एक ढग काढला, आणि पाऊण तास त्या दोघांच्या मधल्या जागेबद्दल बोलले. लाट फुटली की मिठाचे बारीक कण उडतात. त्या कणांवर पाणी बसतं आणि ढगाचा थेंब होतो. समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात, त्या एक वायू सोडतात, हवेत त्याचं आम्ल होतं, ते थेंबात शिरतं. ज्वालामुखी असेल तर त्याचा धूर, जहाजं असतील तर त्यांचा. "म्हणजे ढगाला चव असते," सर म्हणाले. एका मुलीने विचारलं, "तुम्ही चाखलाय?" सर इतके आनंदले की त्यांनी खडू तिला देऊन टाकला. "रोज!" ते म्हणाले. "नमुना बाटलीत भरल्यावर दोरीवर जो थेंब उरतो, तो माझा."

मुलांना फार आवडलं. मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी दुसरं कोणी बघा." हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते विचार करून म्हणाले, "तुमचे मुख्याध्यापक तीन आहेत." माणसांनाही ते आकडे द्यायचे. मी पाच-सहा होते, स्वच्छ पावसासारखी, असं त्यांचं म्हणणं. काकूंचा आकडा मात्र त्यांनी कधी सांगितला नाही. मी एकदा खोदून विचारलं तर म्हणाले, "पट्टीच्या बाहेर जातो."

पापडबंदी एकदाच मोडली. सर कामाला जळगावला गेले होते आणि दोन दिवस मुक्काम असणार होता. काकूंनी गल्लीतल्या बायका गोळा केल्या. पहाटे शिजवलेलं पीठ गच्चीवर आलं, आणि बघता बघता आख्खी गच्ची बिबड्यांनी भरून गेली. स्टूलही सुटलं नाही, त्यावरही चार घातल्या. आणि सर त्याच दिवशी साडेअकराला परत आले, काम लवकर झालं म्हणून. बायका भिंतीला चिकटून उभ्या. सर जिना चढून वर आले, सगळीकडे नजर फिरवली, वाकले, एका ओल्या बिबडीला पट्टी लावली. "नऊ," असं पुटपुटले आणि खाली गेले. मला वाटलं, आता भांडण होणार. ते छत्री आणि काठी घेऊन वर आले आणि संध्याकाळपर्यंत भर मे महिन्याच्या उन्हात कावळे हाकत बसले. "घातल्याच आहेत तर वाया जाऊ नयेत," म्हणाले. काकूंनी खालून वर लिंबू सरबत पाठवलं. त्यालाही पट्टी लागलीच.

पण मे महिन्याची दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती काकूंनी कधी माफ केली नाही. ढग बाटलीत भरायला यंत्र लागतं. लाकडी चौकट, तिच्यावर दाट ताणलेली नायलॉनची दोरी आणि मागे पंखा. पंखा ढगाला ओढतो, थेंब दोरीवर आपटतात, ओघळून पन्हळीत येतात आणि पन्हळीखाली आकड्याला टांगलेल्या बाटलीत पडतात. बेटावर असलं यंत्र होतं. सरांना तसंच इथे हवं होतं. दोरी त्यांनी भुसावळला तापीवरच्या मासेमारांकडून आणली. चौकट सुताराने केली. पंखा त्यांनी घरातल्या कूलरचा काढला. बाहेर पंचेचाळीस डिग्री होती.

"बाहेर आग पडू राह्यली अन् यायले ढग पाह्यजे!" ओला टॉवेल डोक्यावर घेऊन काकू माझ्याकडे येऊन बसल्या. "ढगायची एवढी काळजी. घरच्या माणसाचं काय?" मीही कूलरचा पंखा काढणाऱ्याची बाजू घेणारी नाही, तेव्हा आम्ही दोघींनी मिळून सरांची मनसोक्त निंदा केली. तेवढ्यात भिंतीपलीकडून सरांनी हाक मारली. जामनेरात मे महिन्यात ढग कुठून आणणार, म्हणून त्यांनी यंत्राची परीक्षा काकूंच्या कुकरच्या वाफेवर घेतली होती. बाटलीत पिवळट पाणी जमलं होतं आणि त्याला तुरीच्या डाळीचा वास येत होता. "चालतं!" सर ओरडले. त्या दिवशी वरण कच्चं राहिलं.

इतका खटाटोप कशासाठी, हे मी त्यांना नीट विचारलं ते बऱ्याच महिन्यांनी. ते जिन्यावर गुडघे चोळत बसले होते.

"वडील आजारी पडले म्हणून मी महिनाभरासाठी बेटावरून आलो," ते म्हणाले. "मग परत जाणं झालंच नाही. तिथल्या ढगांचे आकडे आहेत माझ्याकडे. पण तोच वारा पुढे इथे येतो ना. आपल्या मातीवरून, आपल्या धुळीवरून. आपल्या धुळीत चुना आहे, तोही पापडखारासारखा आंबटाला मारतो. माझी खात्री आहे की तो आंबट ढग सातपुड्याला टेकेपर्यंत निवलेला असतो. खात्री आहे, पण आकडा नाही. अर्धंच वाक्य बोलून गप्प बसल्यासारखं झालंय."

"पण खात्री आहे ना?"

"मोजल्याशिवाय खात्रीला कोण विचारतं?" ते म्हणाले. मी गणिताची असून मला त्या क्षणी लाज वाटली.

आषाढात त्यांना बेटावरून ई-मेल आला. मोबाइलवरचं बारीक अक्षर त्यांना दिसायचं नाही म्हणून मीच वाचून दाखवला. त्यांचा तिथला जुना सोबती आता तिथल्या संशोधन केंद्राचा मुख्य होता आणि तोही निवृत्त होत होता. जाता जाता ठिकठिकाणच्या डोंगरांवरच्या ढगांचा एक तक्ता करून जाणार होता. त्याने लिहिलं होतं, तुझ्या डोंगराची ओळ मी मोकळी ठेवली आहे, अर्धी बाटली पुरे, पण याच पावसाळ्यात पाठव, पुढच्या वर्षी मी इथे नसेन. आणि पुढच्या वर्षी सरही डोंगरावर जाणार नव्हते. दिवाळीनंतर दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांनी डोंगराचं नावच काढू नका म्हणून सांगितलं होतं. म्हणजे हाच एक श्रावण हातात होता. बाटली पुण्याच्या प्रयोगशाळेतला सरांचा एक जुना विद्यार्थी तपासणार होता आणि आकडे तेवढे बेटावर जाणार होते.

मी शाळेतून चार दिवसांची रजा काढली. का काढली हे मला अजून सांगता येत नाही. काकू म्हणाल्या, "मीबी येते. यायले उतरवाले कोणीतरी पाह्यजे."

यावलच्या वर सातपुड्यात एका पाड्यावर एक म्हातारी मावशी राहायची. तिचा नवरा वनखात्यात चौकीदार होता आणि सर त्याला ओळखायचे. तो गेला, पण ओळख राहिली. तिचं घर डोंगराच्या अगदी धारेवर, घराशेजारी तिची स्वतःची विहीर. आम्ही जीप सांगितली, यंत्र आणि इन्व्हर्टरची बॅटरी मागे टाकली, बाटली आणि शुद्ध पाण्याचा कॅन मांडीवर घेतला आणि निघालो. काकूंनी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. वाटेत सरांनी मला बाटलीचे नियम सांगितले. बाटली सात वेळा धुवायची. हात लावायचा तो बुडाला, तोंडाला नाही. बाटली उघडी असताना बोलायचं नाही, कारण श्वासानेसुद्धा आकडा हलतो. "आणि बाटली हातातून सोडायची नाही," ते म्हणाले. मी हो म्हटलं.

दोन दिवस ढग आला नाही. धारेवर स्वच्छ ऊन. सर खाटेवर बसून आकाशाकडे बघायचे, मावशी सरांकडे बघायची. तिसऱ्या दिवशी सकाळी दरीतून पांढरं काहीतरी वर सरकायला लागलं आणि पाच मिनिटांत विहीर दिसेनाशी झाली. पंखा सुरू झाला. दोऱ्यांवर बारीक थेंब धरले, एकमेकांत मिसळले, ओघळले. पहिला थेंब बाटलीत पडला तेव्हा सरांनी माझं मनगट घट्ट धरलं. बोलायचं नव्हतं, म्हणून बोलले नाहीत. ते ढगात उभे होते, भुवयांवर पाणी साचलं होतं आणि ते पंचवीस वर्षांचे दिसत होते. चार तासांत बाटली अर्धी झाली. मग ढग उठला आणि ऊन पडलं. मी बाटलीचं झाकण लावलं.

काकू सरांना धरून जीपकडे घेऊन गेल्या. मी यंत्र सोडवायला लागले. दोन्ही हात गुंतले म्हणून बाटली मावशीच्या ओट्यावर ठेवली. घाईत बाटली टांगायचा आकडाही माझ्या हातून मोडला. ओट्यावर परत आले तर बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

मावशी पदराने बाटली बाहेरून पुसत होती.

"मावशी, हे काय?"

"भरी दिनी माय," ती विहिरीकडे बोट दाखवत हसून म्हणाली. "पाव्हणास्ना हातमा अर्धी बाटली कशी धाडू? असं चालत नही आमनाकडे. मन्ही हिरनं पाणी शे, बठ्ठा पाडा पेस."

आमच्याकडेही चालत नाही. भांडं परत करताना कोणी रिकामं देत नाही, निदान साखरेचे चार दाणे तरी टाकतो. तिला रागावण्याची माझी लायकी नव्हती, बाटली सोडली होती मीच. मी बाटली घेऊन जीपकडे चालत गेले, आणि मावशी मागून निरोप द्यायला येत होती.

सरांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली. त्यांना विचारायची गरज पडली नाही. आधी बोलल्या त्या काकू. ज्या बाईने तीस वर्षं ढगांना शिव्या दिल्या तिचा आवाज फुटला. "अहो, यायच्या जिवाचं होतं ते! चार तास उभे होते पायावर! कोणी सांगितलतं भराले?"

"थांब," सर म्हणाले. त्यांनी चष्म्याचं घर काढलं, झाकण उघडलं, पट्टी बुडवली. मावशी घाबरून बघत होती. पट्टी हिरवी झाली.

"पास व्हयनं का?" तिने विचारलं.

"पास," सर म्हणाले. "सात. एकदम पास."

आणि ज्या बाटलीवर आम्हाला श्वास सोडू दिला नाही, ती तोंडाला लावून ते गटागट प्यायले. मग काकूंना दिली, काकूंनी मला. पाणी गार होतं आणि खरंच गोड होतं. मावशीचा चेहरा फुलला. त्यात अर्धा भाग ढग होता हे तिला कोणी सांगितलं नाही.

जीप घाटात दोन वळणं उतरली. मग मला राहवलं नाही. "सर, माझं चुकलं. पण एक म्हणू? पुण्याला जो तुमचा विद्यार्थी मोजणार आहे, त्याला इथलं दुसरं कुठलं पाणी, म्हणजे गच्चीवरचं पावसाचं—"

"ते गच्चीचं होईल," सर म्हणाले.

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना, बाई." ते खिडकीतून बाहेर बघत होते. "राहू द्या. बेटावर लिहा, ओळ मोकळीच ठेव म्हणून."

तेव्हा काकूंनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, गाडी फिरव."

"काय झालं काकू? काही राह्यलं?"

"हो, राह्यलं. फिरव."

सर म्हणाले, "अगं, बाईंची रजा संपली, तुझ्या भाकरी संपल्या—"

"रजेचं बाई पाहतीन. भाकरी मी मावशीच्या चुलीवर थापते. तुम्ही गुमान बसा."

जीप परत धारेवर आली तेव्हा मावशी ओट्यावरच होती. आम्हाला बघून ती हरखून गेली. "आखो पाणी लेवाले उनात का?"

काकूंनी मावशीला बाजूला घेतलं. "हे पाह्य मावशी, नवसाची बाटली आहे. अर्धीच न्या लागते. वरून एक थेंब पडला तं नवस मोडते."

"माय व!" मावशीने कपाळाला हात लावला. "मंग आधी सांगानं ना!"

सरांनी तोंड उघडलं होतं, उभ्या जन्मात त्यांनी नवस केला नव्हता. पण काकूंनी नुसतं बघितलं आणि ते मिटलं. त्यानंतर मावशीने त्या बाटलीजवळ शेळीसुद्धा फिरकू दिली नाही. येता-जाता हात जोडायची.

मी शाळेत फोन करून ताप आल्याचं सांगितलं. दोन रात्री काढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ढग आला, पण विरळ, फाटका. यंत्र उभं केलं आणि मग लक्षात आलं की बाटली टांगायची कशाला? आकडा मी मोडला होता. मी पुढे झाले तर काकू म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या बाई. तुमच्याच्यानं एकदा झालं." मला ते लागलं, आणि ते खरंही होतं. काकूंनी पदराने नाकतोंड बांधलं, पन्हळीखाली बसल्या आणि बाटली बुडाला धरून वर केली. थेंब पडायला लागले, मिनिटाला चार, पाच. काकू दोन तास तशाच बसल्या. हात बदलला नाही, एक शब्द बोलल्या नाहीत. गल्लीत शपथेवर सांगितलं तरी हे कोणाला खरं वाटलं नसतं. सर त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले होते, गुडघे पसरून. मध्येच त्यांनी काकूंच्या कोपराखाली स्वतःचा हात टेकू म्हणून लावला, आणि तो शेवटपर्यंत काढला नाही.

बाटली अर्धी भरली नाही. चार बोटंही नाही, दोन बोटं जेमतेम. बर्फात घालून ती पुण्याला गेली. आकडा काय आला ते सांगून टाकते, नाहीतर माझ्यासारख्यांना जेवण जायचं नाही. सहाच्या जरासा वर आला. सर म्हणत होते तसाच निवलेला. बाकीच्या तपासण्यांना पाणी पुरलं नाही. तक्त्यात आमच्या डोंगराच्या ओळीत तो एक आकडा आहे आणि पुढे नुसत्या आडव्या रेघा. मी म्हटलं, एकच आकडा मिळाला हो. सर म्हणाले, "एक आणि शून्य यांत किती फरक असतो हे गणिताच्या बाईंना मी सांगावं का?"

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, जामनेरला परत आलो त्या दुपारचं. बाटलीसोबत एक कागद भरून पाठवायचा होता. नमुना कुठला, उंची किती, कशाने घेतला, किती वाजता. सरांनी तो स्वतःच्या हाताने भरला, वळणदार अक्षरात, आणि फोटो काढून बेटावर पाठवायला माझ्याकडे दिला. मी एकेक ओळ वाचत खाली आले. 'नमुना गोळा करणाऱ्याचं नाव' यापुढे एका बाईचं नाव होतं. मला कळेना ही कोण.

"सर, इथे तुमचं नाव पाहिजे ना?"

"बाटली कोणी धरली होती?" ते म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून त्यामागे गेले.

दोन वर्षं मी त्या घरात राहत होते. काकूंचं नाव मी त्या कागदावर पहिल्यांदा वाचलं. सरांच्या तोंडून 'अगं' आणि 'ऐकतेस का' यापलीकडे काही ऐकलं नव्हतं. गल्ली त्यांना काकू म्हणायची. त्यांना काही नाव असेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं, आणि याची मला आजही शरम वाटते.

काकू चहा घेऊन आल्या. "काय वाचू राह्यल्या एवढं?"

मी मोठ्याने वाचून दाखवलं. पहिलं नाव, मग सरांचं, मग आडनाव.

काकू ट्रे हातात धरून उभ्याच राहिल्या. वर्तमानपत्र जरासुद्धा हललं नाही.

"लग्नात बायकायनं एवढा आग्रह केला," त्या मला म्हणाल्या, सरांकडे न बघता, "मी यायचं नाव घेतलं. उखाण्यात, जोरात. यायनं नाही घेतलं. घास हातात धरून बसले, अन् समदा मांडव हसला. चाळीस वर्षं झाली त्याले." त्यांनी ट्रे खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि कागद माझ्याकडून घेऊन बराच वेळ बघितला. मग त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "याचा फोटो माह्या मोबाइलवरबी टाका. माह्या बहिणीले धाडायचा आहे."